कासवाच्या पाठीवरचे गार खडे

३ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार पायाशी ठेवलाय, तो आधी उचलून घे आणि मग पुढचं वाच. महिनाभर पत्र नाही म्हणून तू फुगून बसली असशील. फुग, तुझा हक्कच आहे. पण कारण ऐकलंस तर तूच म्हणशील, टोच्या, यात तुझी चूक नाही.

आमच्या संग्रहालयात एक कासव आलंय. सोन्याचं. तुझ्या दोन ओंजळींत मावेल एवढं, आणि पाठभर खडे. पूर्वीच्या एका राजानं ते आपल्या राणीसाठी घडवून घेतलं होतं. इतकी वर्षं वारसांच्या तिजोरीत पडून होतं, आता प्रदर्शनासाठी बाहेर काढलंय आणि साफसफाईला माझ्या टेबलावर आलंय.

काम असं की तोंडात बोट जावं. पायांची नखं, गळ्याच्या सुरकुत्या, अर्धवट मिटलेल्या पापण्या, सगळं जिथल्या तिथे. पण पाठ बघितली की वाटतं, कुणी डोळे मिटून खडे पेरलेत. माणकाला खेटून पोवळं, त्याला लागून नीलम, मग मोती, मग तो राळेसारखा पिवळा तृणमणी, मध्येच कुठेतरी पाचू. लाल निळ्याला खातोय आणि पिवळा सगळ्यांना. चिंध्यांची गोधडी परवडली. सगळ्यात मोठा हिरा कुठे असावा, सांग बघू. शेपटीजवळ, मागच्या डाव्या पायाच्या आड, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथे.

वारसांना त्याची लाज वाटते. त्यांचं म्हणणं, मधल्या काळात कुणा अडाण्यानं दुरुस्ती करताना खडे काढून भलतीकडे बसवले. ते रंग जुळवून नीट बसवून द्या, नाहीतर आमचं कासव आम्हाला परत द्या. आमच्या संचालकबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, एप्रिलच्या आत कराल ना? आणि मी हो म्हणून बसलो. मूळ मांडणी कशी होती हे कुणालाच माहीत नाही, आणि एकदा कोंदणं उघडली की आत्ता आहे तेही परत मिळणार नाही.

म्हणून तुझ्या दारात आलो. मला या धंद्यात आणलंस तू, आणि रंग जुळवण्यात तुझा हात धरणारा अजून तरी मला भेटलेला नाही. सोबत फोटो पाठवतोय. कासव हातात घेऊन मीच उभा आहे. बघ आणि सांग, कुठला खडा कुठे असायला हवा होता.

तुझा टोच्या


११ फेब्रुवारी

टोच्या,

आशीर्वाद आहेतच, ते काही एका पत्रानं संपत नाहीत. आधी एक ऐक. पत्र काळ्या शाईनं लिहीत जा आणि अक्षर ठसठशीत काढ. निळ्या शाईत मुंग्या सोडल्यासारखं लिहितोस. मला खड्यांचं भिंग घेऊन बसावं लागलं आणि सकाळची दुपार झाली. फोन कर म्हणू नकोस. फोनवर माणूस बोलतो थोडं आणि हं हं जास्त करतो.

फोटो मिळाला. छान आहे. तू वाळलास.

रंगांचं मग बघू. फोटोवरून मी रंग सांगत नसते, फोटो खोटं बोलतात. तू आधी कोंदणांच्या कडा बघ. एकदा उघडून पुन्हा दाबलेली कड पहिल्यासारखी बसत नाही, तिला बारीक चिरा पडतात. वरून कितीही घासलं तरी सोनं विसरत नाही. खडे खरंच कुणी हलवलेत का, हे तिथेच कळेल. उगाच त्या अडाण्याला शिव्या देऊ नका, तो मुळात असलाच पाहिजे असं नाही.

आणि मला सांग, यातले गार खडे कुठले आणि ऊबदार कुठले? ओठाला लावून बघ. तुला अर्ध्या चड्डीत असताना शिकवलं होतं, आठवतं का? खरा खडा ओठाला गार लागतो आणि गारच राहतो. काच लगेच तापते. मोती, पोवळं, तृणमणी यांना तर अंगासारखी ऊब असते. त्या पाठीवर गारवा कुठून कुठवर आहे ते कळव.

माझं बरं चाललंय. शेठ अजून खड्यांच्या पुड्या पाठवतो, मी निवडून देते. मागच्या वेळी दोन पुड्या परत आल्या. दुकानात त्यानं नवे दिवे लावलेत, त्या उजेडात त्याला सगळंच वेगळं दिसतं. खालची शिवणवाली संध्याकाळी वर येऊन बसते. तिला गप्पांचा कंटाळा नाही आणि मला तिचा नाही.

जेवत जा.

मावशी


१८ फेब्रुवारी

मावशी,

बघ, काळी शाई. आणि अक्षर एवढं मोठं काढलंय की शेजारच्या टेबलावरच्या फोटोवाल्यानं विचारलं, पाटी रंगवताय का.

तुझं म्हणणं खरं निघालं. एकूण एक कोंदण भिंगाखाली बघितलं. एकही कड कधी उघडलेली नाही. म्हणजे दुरुस्तीवाला नव्हताच, आणि ही गोधडी मूळ कारागिरानंच शिवली. इथे माझं डोकं आणखी फिरलं. ज्या माणसानं सोन्याच्या गळ्याला सुरकुत्या पाडल्या, त्याला लाल-निळं कळत नव्हतं? की राजावर कसला राग काढला? मी संचालकबाईंना सांगितलं. त्यांनी वारसांना सांगितलं. वारस म्हणाले, मग तो कारागीरच वाईट होता, तरीही बदला. मालक तेच, त्यामुळे बाईंचंही काही चालत नाही.

राणीचं एक चित्रही बघितलं. इतर राण्या कशा समोर बघत बसतात, ही मान वळवून खिडकीकडे तोंड करून बसलीय. वारस म्हणतात, मोठी तोऱ्यातली बाई होती, दरबारात कुणी कितीही वाकलं तरी त्याच्याकडे बघायची नाही. चेहरा मला तसा वाटला नाही. पण चेहऱ्यावरून माणसं ओळखायला गेलो की मी नेहमी फसतो.

आता तुझं ते गार आणि ऊबदार. मावशी, मी रंग विचारतोय आणि तू तापमान विचारतेस. खडे आहेत ते, अंघोळीचं पाणी नाही. इथे हातमोज्यांशिवाय वस्तूकडे बोट दाखवायचीही चोरी, आणि तू ओठ लाव म्हणतेस. नोकरी जाईल माझी. तू फक्त रंगांचं सांग. बाईंनी मार्चच्या मध्यावर कोंदणं उघडायला सांगितलीयत.

आणि तुझ्या ओळी का अशा उतरणीला लागल्यात? शेवटचं ‘जेवत जा’ तर कागदावरून खाली पडता पडता राहिलंय.

टोच्या


२ मार्च

टोच्या,

टेबलाचा एक पाय आखूड झालाय म्हणून ओळी घसरतात. सुतार येतो म्हणाला आणि आला नाही. माझ्या ओळींकडे बघू नकोस, त्यात काय लिहिलंय ते बघ.

तुला रंगच हवेत तर घे. कासवाच्या डोक्यावर जो मोठा पाचू आहे, तो पाठीच्या मधोमध घे, भोवती मोत्यांची ओळ कर आणि बाहेरच्या अंगाला लाल. कुणालाही आवडेल. तुझ्या त्या वारसांनाही आवडेल.

पण मी तुझ्या जागी असते तर कोंदणाला हात लावला नसता. एवढा हात बसलेला माणूस कशाला चुकेल? तो चुकला असं वाटत असेल तर आपण चुकीचं काहीतरी विचारतोय. मी तुला एक साधी गोष्ट करायला सांगितली, ती तू हसण्यावारी नेलीस. ओठ लावायला जमत नसेल तर काम सोड आणि पाट्याच रंगव.

या वेळी शेठच्या तीन पुड्या परत आल्या. तो काही बोलला नाही. त्यानं न बोललेलं मला जास्त लागलं.

मावशी


९ मार्च

मावशी,

आता बस. चहा बाजूला ठेव, सांडशील.

तुझं पत्र आलं तेव्हा मी थोडा चिडलो. कासवाच्या डोक्यावर पाचू नाही, माणिक आहे, चांगलं करवंदाएवढं. म्हटलं फोटोवाल्यानं फोटो बिघडवला वाटतं. त्याच्याशी भांडलो, तो म्हणाला फोटो चोख आहे, तुमच्या मावशींचा चष्मा बदला. तरी ते ‘चुकीचं काहीतरी विचारतोय’ डोक्यातून जाईना. शेवटी जेवायच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर दार लोटलं, हातमोजे काढले आणि एकेका खड्याला ओठ लावत सुटलो. मध्यावर पोचलो असेन, तोच फोटोवाला डबा विसरला म्हणून परत आला. मावशी, तुझा भाचा सोन्याच्या कासवाचे मुके घेताना पकडला गेला. दुसऱ्या दिवसापासून आख्खं संग्रहालय मला कासवाचे जावई म्हणतंय.

म्हणोत. कारण गारवा एका रेघेत चाललाय.

रंगांना काही अर्थ नाही, पण गारव्याला आहे. गळ्यापाशी नीलमापासून एक गार वाट निघते. माणिक, पाचू, पुष्कराज, पुन्हा नीलम, रंग कुठलाही, पण सगळे गार. आणि वाटेच्या दोन्ही कडांना मोती, पोवळी, तृणमणी, सगळे ऊबदार. जणू ओढ्याला दोन्हीकडून काठ बांधलेत. म्हणजे बोटानं कळणारी वाट, डोळ्यांना न दिसणारी. मी डोळे मिटले, कारण उघडे असले की रंग मध्येच बोलायला लागतात. अंगठा गळ्यापाशी ठेवला आणि गारव्यामागून गेलो. जरा चुकलो की ऊब लागायची, मग परत फिरायचं. पाठीला पुरता वळसा घालून अंगठा कुठे जाऊन थांबला असेल? मागच्या डाव्या पायाच्या आड, त्या हिऱ्यावर. सगळ्यात गार तोच. दाबला तर आत गेला, आणि पाठ उघडली.

हे कासव उघडतं हे कुणालाच माहीत नव्हतं. वारसांना नाही, बाईंना नाही, कुठल्या यादीत नाही.

आत खडा एकही नाही. नुसत्या सोन्यात घडवलेला एका तान्ह्या बाळाचा चेहरा. मिटलेले डोळे, फुगलेले गाल, कपाळावर जावळ, केस न् केस उठावाचा. सगळं काल घडवल्यासारखं धारदार, फक्त नाक आणि ओठ नाहीत. म्हणजे आहेत, पण झिजून सपाट झालेत. देवळातल्या पायरीसारखे गुळगुळीत.

मी खुर्चीत बसून राहिलो. राणीला दिसत नव्हतं, मावशी. ती तोऱ्यात नव्हती. तिला दिसतच नव्हतं, आणि ते राजवाड्यात सगळ्यांनी मिळून लपवलं. तिला स्वतःचं बाळ दिसत नव्हतं म्हणून त्या कारागिरानं ते तिच्या बोटांसाठी घडवलं आणि वर तिलाच सापडेल अशी वाट ठेवली. बघणाऱ्यांना गोधडी दिसली तर दिसू दे म्हणाला असेल. आणि मी महिनाभर त्याला नावं ठेवत होतो.

बाईंना हाक मारली. त्यांनी डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि हिऱ्यापर्यंत पोचल्या. कोंदणं उघडायचं काम थांबलंय. वारस पुढच्या आठवड्यात येणार आहेत, ते काय म्हणतात त्यावर सगळं ठरेल.

पटकन लिही.

टोच्या


२३ मार्च

मावशी,

तुझं पत्र नाही. टपाल हरवलं असेल असं पहिले काही दिवस म्हणत होतो. आता म्हणत नाही.

आधी कासवाचं सांगतो. वारस आले. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई, राणीच्या नातसून. मी काही समजावत बसलो नाही. त्यांच्या हातात कासव दिलं आणि म्हटलं, डोळे मिटा, जिथे गार लागेल तिकडे चला. दोनदा चुकल्या. तिसऱ्यांदा पाठ उघडली आणि बोटं त्या चेहऱ्यावर गेली. म्हणाल्या, “हे माझे सासरे.” मग म्हणाल्या, “सासरे आयुष्यभर सांगायचे, आईनं माझ्याकडे कधी मान वर करून बघितलं नाही.” आणि त्या रडल्या. खडे आता कुणी हलवणार नाही. प्रदर्शनात कासव उघडं ठेवणार आहेत.

वाचलं ते कासव, तुझ्यामुळे. सगळे मला विचारतात, गार-ऊबदार हे तुम्हाला सुचलं कसं? मी म्हणतो, माझ्या मावशीला सुचलं. आणि परवा असं म्हणता म्हणता माझी जीभ अडखळली.

मावशीला तरी कसं सुचलं?

डोळ्यांनी रंग बघणारं माणूस आधी रंगच विचारतं. मी विचारला, बाईंनी विचारला, वारसांनी विचारला. तू आधी गार-ऊबदार विचारलंस. मग मी तुझी पत्रं काढून पुढ्यात ठेवली. माणकाला तू पाचू म्हणालीस. शेठच्या दिव्यांना दोष दिलास. ओळी घसरल्या तर टेबलाला दिलास, म्हणजे लिहिता येईना टेबल वाकडं. काळी शाई मागितलीस. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, त्या फोटोत मी छातीपर्यंत दाढी वाढवून उभा आहे. वर्षभराची. लहानपणी माझ्या ओठांवर चार केस आले तर तू वस्तरा घेऊन मागे धावली होतीस. आणि या दाढीवर तुझा एक शब्द नाही. ‘तू वाळलास’ एवढंच. ते तर तू मला न बघताही लिहितेस.

मी उगाच घाबरत असेन तर मला भरपूर शिव्या घाल, मी आनंदानं खाईन. नसेन, तर सांग. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. माझ्या बाबतीत ते शब्दशः झालं. तुझ्याशिवाय मला विचारायला कुणी नाही, आणि मला भीती वाटतेय.

टोच्या


४ एप्रिल

टोच्या,

हे अक्षर शिवणवालीचं आहे, म्हणून ओळी सरळ आहेत. टेबलाचे चारही पाय सारखे आहेत, बिचाऱ्याला उगाच बदनाम केलं.

गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून सुरू झालं. आधी रंग गेले. लाल आणि हिरवा एकच मातकट दिसायला लागले. मग ज्याच्याकडे बघावं तिथे बरोबर मध्ये धुकं. कडेनं दिसतं अजून, म्हणून घरात आपटत नाही. डॉक्टर म्हणाले, कडेचं राहील, मधलं येणार नाही. तुझी पत्रं भिंगाखाली एकेक अक्षर धरून वाचायची. फोटो मात्र भिंगातही धुकंच होता, कडेनं कासवाच्या डोक्यावरचा एक मातकट ठिपका तेवढा दिसला, त्यालाच पाचू म्हटलं. छान आहे म्हणून टाकलं. फोटो छानच असतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून झाकून ठेवली. तुला कळलं असतं तर काम टाकून आला असतास आणि मला बोचक्यासारखी उचलून नेली असतीस. शेठला कळलं असतं तर पुड्या थांबल्या असत्या, आणि खडा नसलेला हात घेऊन मी दिवसभर काय करत बसले असते? मला त्याचंच भय होतं, आंधळेपणाचं एवढं नव्हतं. पुड्या मी ओठांनी आणि बोटांनी निवडायचे. खरं-खोटं कधी चुकलं नाही, रंग चुकले. म्हणून तुला गार-ऊबदार विचारलं. मला कासवातलं काही कळलं नव्हतं रे. आजकाल मी खड्यांना एवढंच विचारू शकते.

तुझं मुके घ्यायचं पत्र मी चार दिवस भिंगानं वाचत होते. ‘तिला दिसतच नव्हतं’ इथे आले आणि भिंग ठेवून दिलं. म्हणून उत्तर नाही आलं. दुसरं पत्र मग हिच्याकडून वाचून घेतलं. हिला माझं माहीत होतं म्हणे. मी रोज दोरा ओवायला सुई हिच्याकडे द्यायचे तेव्हाच ओळखलं होतं आणि बोलली नाही. आता लिहितानाही नाक ओढतेय, कागद ओला करशील म्हटलं.

शेठला मी स्वतःच जाऊन सांगितलं. रंग तुझ्या सुनेला बघू दे, खरं-खोटं मी सांगते. हो म्हणालाय. किती दिवस म्हणतो ते बघू.

एक सांग. त्या बाळाचं नाक आणि ओठ झिजलेत, पण गालांचं काय? हनुवटी? ती बाई बोटं वरून खाली आणायची की खालून वर न्यायची? झीज कुठल्या बाजूला जास्त आहे ते नीट बघ, भिंगाखाली. मला रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. आपल्याला कुणाचा चेहरा बघायचा असेल तर सुरुवात कुठून करावी, हे मला तिच्याकडून शिकायचंय.

तू ये. न्यायला नको येऊस, मी इथून हलणार नाही. भेटायला ये. तुला शेवटचं नीट बघितलं ते दारात चपला शोधताना. तो चेहरा मी जपून ठेवलाय, पण हल्ली कधी कधी त्यात तुझ्या आईचा मिसळतो.

फोटो मी शिवणवालीला दाखवला. ती म्हणाली, अहो, हे कासव घेऊन कोण बुवा उभे आहेत? ते ऐकून मी कितीतरी दिवसांनी हसले.

येताना दाढी करून ये. मला तुझा चेहरा बघायचाय.

मावशी